तेल, देव आणि घाणा: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण जुन्या गोव्यातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयावर लिहिलं होतं, सांता मोनिकाच्या कॉन्व्हेंटमधलं, म्हणजे नन्सच्या जुन्या मठातलं, जे आधी १९९४ साली राशोलच्या सेमिनारीत सुरू झालं, मग २००२ मध्ये इथे आलं आणि मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये परत उघडलं. त्यावर भरपूर पत्रं आली. आणि मजा म्हणजे मूर्तींबद्दल विचारता विचारता निम्म्या लोकांनी तेलाबद्दलच विचारलंय, कुणी दिव्याचं, कुणी घाण्याचं, कुणी ऑलिव्हचं. म्हणून यावेळी सगळं तेलाचंच घेतेय.

ताई, मुलगा इटलीत नोकरीला आहे, त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा तो आम्हाला त्रेवी नावाच्या गावी घेऊन गेला. तिथे एकाच म्युझियममध्ये एकीकडे मेरीमातेची आणि संतांची चित्रं आणि दुसरीकडे ऑलिव्ह तेलाची सगळी माहिती. देवाची चित्रं आणि तेल एकत्र कशाला ठेवलंय हे काही कळलं नाही. — म्हापसा

आधी बाकीच्या वाचकांसाठी सांगते, हे त्रेवी म्हणजे रोममधलं नाणी टाकायचं कारंजं नव्हे, हे उंब्रिया प्रांतातलं डोंगरावरचं छोटं गाव आहे, असिसीपासून फार लांब नाही. तिथल्या सान फ्रांचेस्कोच्या, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या, जुन्या कॉन्व्हेंटमध्ये हे म्युझियम आहे, त्यात धार्मिक चित्रांचा संग्रह आणि ऑलिव्ह संस्कृतीचा विभाग दोन्ही एका छपराखाली. चित्रांमध्ये लो स्पान्या या चित्रकाराचं १५२२ सालचं मेरीच्या राज्याभिषेकाचं मोठं चित्र आहे, तुम्ही बघितलं असणारच. आणि गावाबाहेरच्या मादोन्ना देल्ले लाक्रिमे या चर्चमध्ये पेरुजिनोने १५२१ मध्ये भिंतीवर काढलेलं चित्र आहे, वेळ असता तर तेही बघायला हवं होतं.

आता तुमचा प्रश्न. एकत्र का, तर ती दोन्ही एकत्रच होती हो! असिसी ते स्पोलेतो हा सगळा डोंगरउताराचा पट्टा ऑलिव्हच्या बागांनी भरलेला, दगड रचून बांध घातलेत आणि त्यावर झाडं, मोराइओलो नावाची जात जास्त. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने या पट्ट्याला जागतिक महत्त्वाचा शेती वारसा म्हणून मान्यता दिली. त्रेवीजवळ बोव्हारा इथे एक प्रचंड जुनं झाड आहे, लोक त्याला संत एमिलियानोचं झाड म्हणतात, त्या संताला ऑलिव्हच्या झाडाला बांधून मारलं अशी कथा आहे आणि झाडाचं वय सतराशे वर्षं सांगतात. म्हणजे संत पण झाडाशी बांधलेला. मग चर्चमधला अखंड दिवा कशावर जळणार, तर ऑलिव्ह तेलावर. बाप्तिस्म्याला, आजाऱ्याला, नव्या पाद्रीच्या हाताला लावायचं तेल कुठलं, तर तेच. मठांच्या स्वतःच्या बागा असायच्या, तेल विकून पैसा यायचा, आणि इटलीत लोक मृत्युपत्रात ऑलिव्हची झाडं चर्चच्या दिव्याच्या नावाने ठेवून जायचे. ते मेरीचं चित्र ज्या अंधाऱ्या चर्चमध्ये लोकांनी शेकडो वर्षं बघितलं ते तेलाच्या उजेडातच बघितलं ना.

हे आपल्याला नवीन वाटायचं काही कारण नाही. कर्नाटक-दख्खनच्या मध्ययुगीन शिलालेखांत घाण्यामागे इतकं इतकं तेल देवळाच्या नंदादीपाला द्यावं अशी दानं कोरलेली आहेत. गावातला घाणा आणि गाभाऱ्यातला दिवा यांचा हिशेब एकाच दगडावर लिहिलेला! आणि असिसीच्या फ्रान्सिसचं चर्च तर आपल्या जुन्या गोव्यातही आहे, सध्याची इमारत १६६१ ची, आणि त्याच्याच कॉन्व्हेंटमध्ये पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे. म्हणजे कॉन्व्हेंटमध्ये म्युझियम हे आपल्याकडेही झालंय. पण आपल्याकडे मूर्ती एका म्युझियममध्ये आणि शेतीची, कारागिरांची अवजारं दुसऱ्या, बाणावलीच्या गोवा चित्रमध्ये. दोन्ही छान आहेत, दोन्ही बघाच. पण ज्या हाताने तेल काढलं आणि ज्या देवासमोर ते जळलं हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेलं मला गोव्यात बघायचंय, आणि त्रेवीसारखं छोटं गाव ते करू शकतं तर आपला एखादा तालुका का नाही करू शकत असं मला मनापासून वाटतं.

पोर्तुगीज इतकी वर्षं इथे होते, त्यांनी काजू आणला, मिरची आणली, मग ऑलिव्ह का नाही लावला? आणि नर्सरीत ऑलिव्हची रोपं मिळतात ती लावली तर फळ धरेल का? आमचं भाट म्हणजे बागायत आहे, पाणी भरपूर आहे. — फोंडा

पाणी भरपूर आहे हीच तर अडचण आहे. ऑलिव्ह हे भूमध्य समुद्राकाठचं झाड, तिथे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. आपलं बरोब्बर उलटं, जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि जानेवारीतल्या रात्रीसुद्धा तापमान वीसच्या आसपास. ऑलिव्हला फुलं यायला काही आठवडे खरी थंडी लागते, ती मिळाली नाही तर झाड हिरवं राहतं पण फळत नाही, आणि आपल्या पावसात मुळं कुजण्याची भीती असते ती वेगळीच. कुंडीत शोभेला लावा, पावसाळ्यात छपराखाली घ्या, बस. भारतात ऑलिव्हचा मोठा प्रयोग झाला तो राजस्थानात, २००७ पासून इस्रायलच्या मदतीने, आणि २०१४ मध्ये बिकानेरजवळ लुणकरणसरला तेलाचा कारखाना पण सुरू झाला. वाळवंट, कोरडी हवा, थंडीत कडाक्याची थंडी, म्हणून तिथे प्रयोग करता आला.

पोर्तुगीजांचं म्हणाल तर त्यांनी आणलेलं जे इथे रुजलं, काजू, अननस, पेरू, पपई, मिरची, ते सगळं अमेरिकेच्या उष्ण भागातलं. त्यांच्या स्वतःच्या घरचं ऑलिव्ह, गहू, वाइनची द्राक्षं, ते गोव्याच्या हवेत नाही जमलं. त्यामुळे ऑलिव्ह तेल लिस्बनहून जहाजातून यायचं, खलाशांच्या शिध्यातही असायचं. आणि इथे उतरल्यावर त्यांना दिसला माड. १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथात माडावर एक आख्खं प्रकरण आहे, त्यात ओल्या नारळाचं तेल आणि सुक्या खोबऱ्याचं तेल अशी दोन्ही सांगितलीत. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वी एका पोर्तुगीज वैद्याने आपल्या घाण्याच्या तेलाची नोंद घेतली, आपणच घेत नाही आता.

आमची आजी सांगायची की शिरगावच्या लईराईच्या देवळातून म्हापशाच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, तेल जातं. हे खरं का? आताची पोरं विश्वास ठेवत नाहीत. — डिचोली

आजी अगदी खरं सांगत होती, आणि मला हे पत्र वाचून इतका आनंद झाला म्हणून सांगू. लोककथेत सात बहिणी आहेत, शिरगावची लईराई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई, मुळगावची केळबाई वगैरे, आणि त्यांच्यातलीच एक मिराबाई, तीच पुढे म्हापशाच्या सेंट जेरोम इगर्जीतली मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरीमाता, झाली असं लोक मानतात. बहिणीने धर्म बदलला म्हणून नातं तुटतं का? नाही ना. तर मिलाग्रीसच्या फेस्ताला लईराईच्या देवळातून तेल जातं आणि लईराईच्या जत्रेला म्हापशाहून मोगऱ्याची फुलं येतात, अशी ही परंपरा. फेस्त ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी येतं, जत्रा वैशाखात, म्हणजे दोन्ही साधारण त्याच दिवसांत, मोगऱ्याचे दिवस. फेस्ताला हिंदू-ख्रिश्चन दोघेही तेल आणि मेणबत्त्या घेऊन रांगेत उभे असतात, नवस असतात लोकांचे.

त्रेवीवाल्या काकांनी विचारलं ना तेल आणि देव एकत्र कशाला, त्याचं गोव्यातलं सगळ्यात सुंदर उत्तर हे आहे. इथे तेल म्हणजे बहिणीने बहिणीला पाठवलेला आहेर आहे. १५६७ मध्ये गोव्यातल्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेने हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती करून घ्यायला बंदी घातली होती, देवळं पडली, देव रातोरात नदीपलीकडे न्यावे लागले, ते सगळं दुःख खरं आहे आणि कुणी ते लपवू नये. पण बंदी घालूनसुद्धा आपल्या कारागिरांचा हात इगर्जींच्या कामात राहिलाच, प्रवचनाच्या लाकडी मंचांखाली, म्हणजे पुल्पितांखाली, नागिणीसारख्या आकृत्या दिसतात, नक्षीत कमळं दिसतात. आणि खाली गावात हे तेल-फुलांचं येणंजाणं चालूच राहिलं. पोरांना एकदा फेस्ताला म्हापशाला न्या आणि एकदा जत्रेला शिरगावला न्या, स्वतः बघितल्यावर आपोआप विश्वास ठेवतील.

माझी एक विनंती मात्र आहे, आजीच्या पिढीतलं घरात कुणी असेल तर त्यांना विचारून ठेवा की तेल कशातून न्यायचे, कुठल्या घाण्याचं असायचं, कोण घेऊन जायचं. फुलांचे फोटो सगळे काढतात, तेलाच्या भांड्याकडे कुणी बघत नाही.

माझी मैत्रीण कॅथलिक आहे, ती म्हणते चर्चमध्ये संस्काराला लावतात ते तेल ऑलिव्हचंच लागतं, खोबरेल चालत नाही. पण इगर्जीत दिवा तर खोबरेलचा बघितलाय मी. — मडगाव

दोन वेगळी तेलं आहेत ती. दिव्याला काही अशी अट नाही, त्यामुळे गोव्यात काचेच्या ग्लासात खाली पाणी, वर खोबरेल आणि त्यावर तरंगती वात हे घराघरांत आणि रस्त्याकडेच्या क्रुसांपाशीही असायचं. संस्काराची तेलं तीन, आजाऱ्यांचं, बाप्तिस्म्याच्या आधीचं, आणि तिसरं ख्रिज्म ज्यात सुगंधी बाल्सम मिसळतात, ही तिन्ही ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात बिशप आशीर्वाद देऊन तयार करतात. ती पूर्वी ऑलिव्हचीच लागत. पण १९७२ मध्ये पोप पॉल सहावे यांनी आजाऱ्यांच्या तेलाबाबत लिहिलं की जगात काही ठिकाणी ऑलिव्ह मिळत नाही किंवा मुश्किलीने मिळतं तर दुसरं वनस्पतीचं तेल चालेल. म्हणजे तुमची मैत्रीण परंपरेच्या बाजूने बरोबर, पण खोबरेलाला दार अगदी बंद नाहीये. म्युझियममध्ये किंवा इगर्जीत तीन छोट्या चांदीच्या डब्या दिसल्या तर अत्तराच्या समजू नका, बहुतेक याच तीन तेलांच्या असतात.

जुनी तैलचित्रं ऑलिव्ह तेलात रंगवायचे का? — पणजी, कॉलेज विद्यार्थी

नाही. ऑलिव्ह तेल सुकत नाही, महिनोन्महिने चिकटच राहील. चित्रकार जवसाचं किंवा अक्रोडाचं तेल वापरत, ते हवेत घट्ट होऊन थर धरतं. खोबरेलही त्याच कारणाने नाही चालत.

घरात शंभर वर्षांची रंगीत लाकडी मूर्ती आहे, सेंट अँथनीची, शेजारच्या कुटुंबाने गाव सोडताना आमच्याकडे ठेवायला दिली. रंग फिका पडलाय, सासूबाई म्हणतात खोबरेल लाव, चमकेल. लावू का? — कुडचडे

नका लावू, प्लीज नका लावू! चमकेल, पण एखादा आठवडाच. अशा मूर्तीत लाकडावर आधी खडू आणि सरसाचा पांढरा थर असतो, त्यावर रंग, कुठे कुठे सोन्याचा वर्ख. तेल भेगांतून आत जातं, पांढरा थर मऊ पडतो, वर धूळ चिकटते आणि आपल्या पावसाळ्यात तो सगळा काळा चिकट लेप होऊन बसतो, तो काढायचा म्हणजे रंगासकट निघायची भीती. व्हार्निश नको, ओला फडका नको, लिंबू-साबण तर अजिबात नको. मऊ कोरडा ब्रश, तोही रंग सुटलेला नसेल तिथेच. मूर्ती भिंतीला टेकवू नका, मागून हवा खेळू द्या, मेणबत्ती आणि समई हातभर लांब. लाकडाचा भुसा खाली पडताना दिसला तर वाळवी किंवा भुंगा आहे, तेव्हा घरगुती औषध न करता इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या गोवा शाखेत विचारा किंवा संग्रहालयातल्या लोकांना दाखवा.

सासूबाईंना सांगा, देवळातल्या दगडी मूर्तीला अभ्यंग करतात ते वेगळं, तो दगड आहे आणि ती रोजची पूजा आहे. आणि शेजाऱ्यांची मूर्ती तुम्ही इतकी सांभाळताय याबद्दल तुमचं खरंच कौतुक वाटतं.

शाळेच्या मुलांना ख्रिस्ती कला संग्रहालयात नेतोय, काय दाखवू? सगळं दाखवायला गेलं तर पोरं कंटाळतात. — वास्को, शिक्षक

तीनच गोष्टी दाखवा. एक, चांदीचा पेलिकन पक्षी, स्वतःची छाती टोचून पिलांना रक्त पाजतो ती कथा सांगा, पोरं गप्प होऊन ऐकतील. दोन, हस्तिदंतातल्या मूर्ती, मुलांना विचारा यात आपल्याकडचं काय काय दिसतं. तीन, ती इमारतच. सांता मोनिका १६०६ ते १६२७ मध्ये बांधलं, पूर्वेकडच्या देशांतलं नन्सचं पहिलं मोठं कॉन्व्हेंट, एवढ्या जाड भिंतींच्या आत संध्याकाळी दिवे कोण लावत असेल, तेल कुठून येत असेल हे त्यांनाच विचारा.

आजोबांचा बैलाचा लाकडी घाणा परसात पडून आहे, चाळीसेक वर्षं फिरला नाही. एका हॉटेलवाल्याने विचारलंय, गार्डनमध्ये झाडाची कुंडी करणार म्हणे. पैसे बरे देतोय. भाऊ म्हणतो देऊन टाक, नाहीतर वाळवी खाणार. — साखळी

तुमच्या भावाची काळजी खोटी नाही, वाळवी खातेच, आणि पैशाची गरज असेल तर मी कोण सांगणार. पण विकण्याआधी एवढं वाचा.

त्रेवीच्या म्युझियममध्ये जे ठेवलंय ते तुमच्या परसात पडलंय. काम दोघांचंही तेलच काढायचं पण रीत किती वेगळी बघा. ऑलिव्ह हे ओलं फळ, तोडलं की एक-दोन दिवसांत दळावं लागतं नाहीतर आंबतं, म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर नुसती धांदल. दगडी चाकाखाली बियांसकट लगदा करायचा, तो काथ्याच्या गोल चटयांवर पसरायचा, चटया एकावर एक रचायच्या आणि वरून दाब द्यायचा, मग जे गळतं त्यात पाणी आणि तेल दोन्ही, तेल वर येतं ते वेगळं करायचं. आणि इतकं करून फळाच्या वजनाच्या साधारण पंधरा ते वीस टक्केच तेल. आपलं खोबरं म्हणजे सुकवलेलं बी, पाडेल्याने नारळ उतरवले, फोडले, मार्च-एप्रिलच्या उन्हात वाळवले की वजनाच्या साठ टक्क्यांच्या वर तेल, आणि पाणी वेगळं करायची भानगड नाही. उखळात लाट, म्हणजे घाण्याचा जाड लाकडी दांडा, फिरते, खोबरं भरडलं जातं, रगडून रगडून तेल सुटतं, पेंड राहते ती त्याच बैलाच्या पुढ्यात. त्याच घाण्याचं तेल आजीच्या केसांना, माशाच्या कढईत, समईत आणि देवळाच्या दिव्यात. करंजाचं आणि उंडीचं कडू तेलही लोक दिव्याला जाळायचे, खायचं तेल वाचवायला. हे सगळं ज्याला हाताने माहीत होतं ती पिढी संपत आली आहे. आधी मशीनची गिरण आली, मग रिफाइंडची पिशवी, आणि आता शहरात लाकडी घाण्याचं तेल म्हणून चौपट भावाने बाटली घेतात लोक आणि इकडे खरा घाणा कुंडी होणार! मला वाईट वाटतं हो, खूप वाईट वाटतं.

तर असं करा. आधी घाणा जमिनीवरून उचला, खाली चिरे ठेवा, वर पत्रा किंवा नळे घाला, चारही बाजूंनी हवा राहू दे, प्लास्टिक गुंडाळू नका, आत दमट होतं. रंग, व्हार्निश, डांबर काही लावू नका. लाट, जोखड, वजनाचा दगड, तेलाची मापं, जे काही सुटं असेल ते एकत्र ठेवा कारण सुटं गेलं की नुसतं उखळ उरतं आणि मग ती खरोखरच कुंडी वाटते. मग घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला खुर्ची देऊन तिथे बसवा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा, लाकूड कुठलं, कुणी घडवला, दिवसाला किती खोबरं जायचं, बैलाचे डोळे बांधायचे का, कुठल्या देवळाला, कुठल्या इगर्जीला तेल जायचं, बदल्यात काय मिळायचं. हे शेवटचं विसरू नका, कारण घाणा आणि देव यांचं नातं कुठल्या कागदावर सापडणार नाही, ते त्यांच्याच तोंडून मिळेल.

मग गावच्या देवस्थानाच्या समितीला विचारा, शाळेला विचारा, पंचायतीला विचारा, एक शेड आणि एक पाटी एवढंच लागतं सुरुवातीला. देवळातल्या जुन्या समया, तेलाच्या बुधल्या, इगर्जीतला एखादा वापरात नसलेला दिवा, त्याच शेडमध्ये घाण्याशेजारी आणून ठेवले की झालं तालुक्याचं म्युझियम सुरू. कुणीच नाही म्हणालं तर बाणावलीला गोवा चित्रमध्ये फोन करून विचारा, अशा वस्तूंची कदर असलेली माणसं आहेत तिथे. आणि तरीही विकायचीच वेळ आली तर निदान हॉटेलवाल्याला लाटेसकट, बसवलेल्या स्थितीत ठेवायची अट घाला, माती भरायची नाही असं लिहून घ्या.

आम्हालाही फोटो पाठवा, पूर्ण घाण्याचा एक, उखळाच्या आतला एक आणि लाटेचा वेगळा, पुढच्या अंकात नक्की छापू, आणि बाकी वाचकांच्या परसात, मांगरात असा घाणा पडला असेल तर तुम्हीही पाठवा, गावाचं नाव आणि तेल कुठे जायचं तेवढं सोबत लिहा.